पेन्सिलीच्या फुल्या

"काल पुन्हा गडबडली ती," आमच्या थिएटरचे मालक मस्यू ब्रीसार म्हणाले. "नाटकात नाहीत ती वाक्यं बोलली. ऑर्तांस, तू खाली बसून सगळं ऐकतेस. मी खोटं बोलतोय का?"

खोटंच बोलत होते. पण मी मान खाली घालून उभी राहिले. त्याबद्दल मी स्वतःला आजही माफ केलेलं नाही.

मी प्रॉम्प्टर. रंगमंचाच्या पुढच्या कडेला, दिव्यांच्या रांगेच्या मधोमध लाकडी झापाखाली एक भोक असतं, त्यात मी बसते. थिएटरातले लोक त्याला बीळ म्हणतात आणि मला बिळातली म्हातारी. प्रेक्षकांना मी दिसत नाही. नट अडला की पुढचे दोन शब्द हळूच सोडायचे आणि पुस्तकात त्याच्या नावापुढे पेन्सिलीने एक फुली मारायची. ते पुस्तक मात्र कुणालाही दाखवायचं नाही, नटाला नाही आणि मालकालाही नाही. कोण कुठे अडलं ते बिळातच राहायचं. माझ्या आधीच्या म्हाताऱ्याने जागा सोडताना माझ्याकडून तसा शब्द घेतला होता.

हे नाटक आम्ही अकरा वर्षं करत होतो. दर हिवाळ्यात ते पुन्हा लागायचं आणि पॅरिस पुन्हा रडायला यायचं. नायक लव्हालेत आणि नाटकातली त्याची बायको मादाम सिदोनी. लव्हालेतच्या फोटोची पोस्टकार्डं बुलेव्हारवर विकली जात. पण त्याचे कान सहा वर्षांपूर्वीच मंद झाले होते आणि पाठांतर त्याच्याही आधी गेलं होतं. मी दिलेले शब्द त्याला ऐकूच यायचे नाहीत. ते मादाम ऐकायच्या. तो अडला की त्या त्याच्या दंडावर हात ठेवून अगदी जवळून म्हणायच्या, "तुम्ही मला त्या दाराबद्दल सांगणार होतात ना?" मग हा मोठा नट डोळ्यांत पाणी आणून म्हणायचा, "दार मीच उघडं ठेवलं होतं." टाळ्या पडायच्या. आणि मादामनी त्याच्यासाठी रचलेला तो प्रश्न छापील नाटकात नसल्यामुळे लोक म्हणायचे, बाईंचं वय झालं.

"रविवारी दुपारचा प्रयोग तिचा शेवटचा," मस्यू ब्रीसार म्हणाले. "मंगळवारपासून तिची भूमिका लुसेत करेल. चोवीस वर्षांची आहे, डोकं ताजं आहे."

तेव्हा माझं माथं भडकलं. मी खाली गेले, पुस्तक घेऊन वर आले आणि त्यांच्या टेबलावर उघडून ठेवलं. दिलेला शब्द मोडला. "बघा," म्हटलं, "कुणाच्या नावापुढे फुल्या आहेत ते बघा."

त्यांनी चार पानं उलटली. तिसरा अंक तर नुसता काळा झाला होता. त्यांनी पुस्तक शांतपणे मिटलं.

"मला माहीत आहे गं," ते म्हणाले. "सहा वर्षं माहीत आहे. पण लोक त्याच्यासाठी येतात. कुणीतरी विसरतंय हे आता लोकांना कळायला लागलंय. मग ते कुणाच्या तरी माथी मारायला नको का? तूच सांग."

इतक्या सरळपणे बोलले. जसं काही पडदा कुठल्या रंगाचा लावायचा ते विचारत होते.

रविवारी प्रयोगाआधी मी मादामच्या खोलीत गेले. त्या आरशासमोर बसून गालांना रंग लावत होत्या. मी सगळं सांगून टाकलं. त्यांचा हात थांबला नाही.

"पुस्तक दाखवलंस?"

"हो."

"ते दाखवायला नको होतंस."

"मादाम, ते सगळं तुमच्या माथी मारतायत. आणि तुम्ही अजून त्या बहिऱ्याला सांभाळून घेताय. कशासाठी?"

"त्याला नाही सांभाळत. नाटकाला सांभाळते." त्यांनी दुसरा गाल रंगवायला घेतला. रंगवता रंगवता म्हणाल्या, "तू तुझं काम कर. शब्द नीट दे. माझं मी बघते."

पडद्यामागे काठीचे तीन ठोके पडले आणि नाटक सुरू झालं. दोन अंक नीट गेले. तिसऱ्या अंकात, दरवेळी अडायचा तिथेच लव्हालेत अडला. मी शब्द दिले. पुन्हा दिले. तिसऱ्यांदा इतक्या मोठ्याने दिले की वाद्यवृंदातल्या बासरीवाल्याने वळून पाहिलं. लव्हालेतने सवयीने आपला दंड मादामपुढे केला.

मादामनी हात ठेवला नाही. त्या खुर्चीवर बसल्या, हात मांडीवर घेतले आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. थिएटरात कुणी खोकलंसुद्धा नाही. लव्हालेतच्या कपाळावरचा रंग घामाने ओघळायला लागला. मनात म्हटलं, होऊ दे. एकदा तरी बघू दे सगळ्यांना.

मग मादाम बोलल्या. "दार मीच उघडं ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. त्याचं वाक्य, त्याच्याच ठेक्यात. मग स्वतःच्या आवाजात स्वतःचं उत्तर. मग पुन्हा त्याचं पुढचं वाक्य. अख्खा प्रवेश त्यांनी एकटीने केला, नवऱ्याचा आणि बायकोचाही, आणि एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. माझं बोट पुस्तकावर ओळीमागून ओळ सरकत होतं. तो मधोमध उभा होता, कुणीतरी विसरून ठेवलेल्या छत्रीसारखा.

पडदा पडल्यावर वरच्या गॅलरीतले स्वस्तातले प्रेक्षक उभे राहिले. खालचे लोक मात्र एकमेकांकडे बघत होते.

सोमवारी सकाळी पेपरात आलं. मी ते पाठच केलंय, दुसरं मला येतं काय. 'मादाम सिदोनी यांची स्मृती आता इतकी ढासळली आहे की आपली भूमिका कोणती हेही त्यांना उमगत नाही. काल त्या सहकलाकाराचीच वाक्यं बोलू लागल्या. मस्यू लव्हालेत यांनी मात्र असामान्य संयम दाखवून प्रयोग पार पाडला.'

असामान्य संयम. मी तो पेपर चुरगळला, पुन्हा सरळ केला, पुस्तक कोटाखाली दडवलं आणि बातिन्योलला मादामच्या घरी गेले. पाच जिने चढेपर्यंत शिव्या संपल्या नाहीत. त्या स्वयंपाकघरात सुपासाठी बटाटे सोलत होत्या. साली त्याच पेपरावर पडत होत्या.

"पुस्तक आणलंय," मी म्हटलं. "त्या पेपरवाल्याच्या तोंडावर फेकू. आज, आत्ता. चला."

त्यांनी हात पुसले आणि पुस्तक उघडलं. अकरा वर्षांत ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. लव्हालेतच्या फुल्यांकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. त्या आपलं नाव शोधत होत्या. पानामागून पान स्वच्छ होतं. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला बोट थांबलं. तिथे त्यांच्या नावापुढे एक लहानशी फुली होती, सगळ्या पुस्तकात एकच.

"ही तार आली तेव्हाची," त्या म्हणाल्या.

"हो."

त्या दिवशी पहिल्या अंकानंतर रुआँहून तार आली होती. त्यांची मुलगी माडो तिथे आजीकडे राहायची, ती घटसर्पाने वारली होती. सात वर्षांची. मादामनी तार वाचून चोळीत खोचली आणि दुसऱ्या अंकाला वेळेवर आल्या. एकच शब्द अडला. मी तो दिला आणि कुणाला काही कळलं नाही.

"कोणता शब्द होता गं?"

"'उद्या'," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. त्या फुलीवरून एकदा बोट फिरवलं. मग पुस्तक मिटलं, त्याला चिकटलेली बटाट्याची साल काढली आणि ते माझ्या हातात दिलं.

"घेऊन जा," त्या म्हणाल्या. "मंगळवारी लागेल तुला. ती पोरगी नवी आहे, आणि त्याला ऐकू येत नाही."