मोठ्या चकतीवरचा खोकला

डॉक्टरांना खोकला नव्हता. हे फक्त डॉक्टरांनाच ठाऊक होतं आणि खरी पंचाईत तिथेच होती.

डॉक्टर दातांचे. वय अठ्ठावन्न. दर रविवारी सकाळी ते आणि त्यांचा मेहुणा पाण्याच्या टाकीपर्यंतचा चढ सायकलवरून चढायचे. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तो वकील होता आणि घरातही सगळे त्याला वकीलच म्हणत. अकरा वर्षांपूर्वी दोघांनी एकाच दिवशी नव्या सायकली घेतल्या आणि त्याच दिवशी, अंगात नको तेवढा जोर असल्यामुळे, एक अट घालून घेतली. पॅडलपाशी दोन दातेरी चकत्या असतात, एक मोठी, एक छोटी. मोठीवर चेन असली की पॅडल जड जातं, पायांचा भुगा होतो. चढ मोठीवरच चढायचा. जो आधी छोटीवर उतरेल त्याने जन्मभर दुसऱ्याच्या मागून सायकल चालवायची. अकरा वर्षांत कोणीच उतरलं नव्हतं, म्हणून दोघे अजून शेजारीशेजारी जात होते.

म्हणजे कागदोपत्री. प्रत्यक्षात डॉक्टर सहा वर्षांपूर्वीच उतरले होते. तिसऱ्या वळणावर गुडघ्याने सरळ नकार दिला तेव्हा. चढावर मान खाली आणि डोळ्यांत घाम, शेजाऱ्याच्या चेनकडे बघायला सवड कोणाला असते? पण कान उघडे असतात. हँडलवरचा गिअरचा खटका दाबला की केबल सुटते आणि चेन छोटीवर पडताना 'खट्' असा आवाज होतो. पहाटेच्या शांततेत तो पार टाकीपर्यंत जातो आणि वकिलाचे कान तर उलटतपासणीत मुरलेले. डॉक्टरांनी खटका दाबला आणि त्याच क्षणी ते पोट धरून खोकले. खट् खोकल्यात बुडाला. तेव्हापासून दर रविवारी तिसऱ्या वळणावर त्यांना एक उबळ यायची आणि टाकी दिसू लागली की दुसरी, परत मोठीवर जाण्यापुरती.

सगळं सुरळीत चाललं होतं. पण त्या रस्त्याने फिरायला जाणाऱ्या शेजारीणबाईंनी डॉक्टरांच्या बायकोला गाठलं आणि म्हणाल्या, "डॉक्टरांचा खोकला ऐकून मला बाई धडकीच भरते."

बायको फार्मासिस्ट. औषधांचं दुकान स्वतःचं. मग काय विचारता. सात प्रकारची खोकल्याची औषधं झाली. दोनदा छातीचा एक्स-रे झाला. डॉक्टरांची लाडकी कापसाची उशी बाहेर गेली आणि तिच्या जागी विटेच्या भावंडासारखी एक उशी आली. वकिलाने मात्र भाऊजींची बाजू मांडली.

"ताई, चढावर माणूस खोकायचाच," तो म्हणाला. "उगाच औषधं देऊन तो दाबू नकोस."

"तू कोर्टातलं बघ," ताई म्हणाली. मग तिने नवऱ्याकडे मोर्चा वळवला. "अहो, महिनाअखेरच्या रविवारी मी स्वतः स्कूटरवरून तुमच्यामागे येणार आहे. एकदा जरी खोकलात तरी रविवार बंद. सायकल विकून टाकू."

दातांच्या डॉक्टरचं दुःख लोकांना कळत नाही. आठवड्याचे सहा दिवस समोर माणूस तोंड उघडून बसलेला असतो आणि तरी एक धड वाक्य ऐकायला मिळत नाही. रविवारी टाकीच्या कठड्यावर वकिलाशी तासभर गप्पा व्हायच्या, तेवढंच काय ते बोलणं. तेही गेलं तर उरलं काय? खोकावं तर रविवार गेला, न खोकावं तर मान गेला. इकडे आड, तिकडे विहीर.

शेवटी ते सायकलच्या दुकानात गेले. तिथली मेकॅनिक बाई कमी बोलायची आणि हात चालू ठेवून बोलायची.

"इलेक्ट्रॉनिक गिअर घ्यावा म्हणतो," डॉक्टर म्हणाले. "घेण्यासारखा आहे का?"

"शर्यतीत उतरणार असाल तर घ्या. रविवारच्या फेरीला केबल झकास. तुटली तर कोणीही पंधरा मिनिटांत नवी घालून देईल. याची बॅटरी चार्ज करायला विसरलात की जो गिअर पडला असेल त्यावरच घरी. आणि पैसे म्हणाल तर तेवढ्यात दुसरी सायकल येईल."

"ते सगळं ठीक आहे. आवाज किती होतो?"

बाईने पहिल्यांदा हातातलं काम थांबवलं. स्टँडवर लावलेल्या सायकलचं बटण तिने दाबलं. चेन निमूटपणे छोटीवर सरकली. झुंई, बस. डॉक्टरांनी डोळे मिटून पुन्हा ऐकलं. मग तीन पावलं मागे जाऊन ऐकलं. मग दाराबाहेर उभे राहून म्हणाले, "आता दाबा."

"केव्हाच दाबलं," आतून उत्तर आलं. "लोक वजन विचारतात, बॅटरी विचारतात. नुसत्या आवाजाची चौकशी करणारे तुम्ही दुसरे."

"पहिलं कोण?"

"गिऱ्हाइकाचं नाव मी सांगत नाही."

डॉक्टरांनाही ऐकायचं नव्हतं. सुंठेवाचून खोकला जाणार होता, आणखी काय हवं? त्यांनी तिथल्या तिथे गिअर बसवून घेतला. घरी सांगितलं, दात उपटून अंगठा दुखतो, त्यासाठी घेतला. वकिलाने सायकल बघितली, बटण दाबून पाहिलं, कान जवळ नेला आणि त्याचा चेहरा पडला. मेहुणा जळतोय, असं समजून डॉक्टर मनातून सुखावले.

महिनाअखेरचा रविवार उजाडला. बायको बॅटरीवरच्या स्कूटरवरून दहा पावलं मागे, आवाज न करता, परीक्षेच्या हॉलमधल्या बाईंसारखी येत होती. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या वळणावर डॉक्टरांनी बटण दाबलं. झुंई. गुडघे सुटले, छाती मोकळी, खोकला नाही. त्यांनी रिवाजाप्रमाणे धापा मात्र टाकल्या, नाहीतर संशय यायचा.

शेजारी वकील लालबुंद झाला होता. तो एकदा भाऊजींकडे बघायचा, एकदा रस्त्याकडे. त्याची सायकल सापासारखी वळवळू लागली.

"भाऊजी," तो हळूच म्हणाला, "आज खोकला नाही?"

"गेला."

"पूर्ण?"

"पूर्ण."

वकिलाने आणखी दहा पॅडल मारली. मानेच्या शिरा तटतटल्या.

"भाऊजी, एकदाच खोका ना."

"का रे?"

"सहा वर्षं तुमच्या खोकल्यातच उतरतोय मी. तुम्ही खोकलात की मीही खटका दाबतो. या गिअरची चौकशी मीच आधी करून आलो होतो. पण तुमचा खोकला फुकट होता, म्हटलं चालवून घेऊ."

डॉक्टरांना आधी राग आला, मग हसू, आणि हसू दाबताना खरोखरच खोकला यायला लागला, तो त्यांनी दात आवळून गिळला. आता फक्त गप्प राहायचं होतं. आणखी वीस पॅडल, आणि वकील उघड उघड उतरला असता. जन्मभर भाऊजी पुढे, मेहुणा मागे. पण पुढे गेल्यावर बोलायचं कोणाशी? आपल्याला हा माणूस शेजारीच हवा आहे, हे डॉक्टरांना अगदी स्वच्छ कळलं. आवाज होऊ नये म्हणून एवढा पैसा ओतला आणि आता जे यंत्राने लपवलं ते स्वतःच्या तोंडाने सांगायची पाळी आली.

"वकील, मी छोटीवर आहे," ते मोठ्याने म्हणाले.

"कधीपासून?"

"सहा वर्षांपासून."

वाक्य संपायच्या आत वकिलाकडून खणखणीत खट् ऐकू आला. पाठोपाठ एक उसासा.

स्कूटर शेजारी आली. बायकोने नवऱ्याची चेन बघितली, भावाची बघितली. औषधांच्या चिठ्ठ्या वाचणारे डोळे ते, त्यांना कितीसा वेळ लागणार?

"दोन एक्स-रे," ती म्हणाली. "आणि सात बाटल्या प्यायलात तुम्ही."

"सहा. एक कुंडीत ओतली."

"तरीच माझी जास्वंद वाळली," असं म्हणून ती पुढे निघून गेली. पाठीवरून कळत होतं, ती हसत होती.

"आता अटीचं बघू," वकील म्हणाला. त्याला लगेच कंठ फुटला होता. "खोकला आधी, माझा खटका नंतर. म्हणजे आधी तुम्ही उतरलात. मागे व्हा, भाऊजी."

डॉक्टर मागे झाले. वकील ऐटीत पुढे गेला, आठ-दहा पॅडल मारली, दोनदा मान वळवून काहीतरी बोलला, तिसऱ्यांदा वळवताना गटारात जाता जाता वाचला. मग त्याने वेग कमी केला आणि पुन्हा शेजारी आला.

"मान दुखते," तो म्हणाला.

मग तो एका अशिलाची हकिकत सांगू लागला आणि टाकी येईपर्यंत थांबला नाही. डॉक्टर मध्येमध्ये विचारत होते, हसत होते. कोणालाही धाप लागली नव्हती. सहा वर्षं या चढावर दोघांकडेही बोलण्याइतका दम होता, आणि दोघांनीही तो धापा टाकण्याचं सोंग करण्यात घालवला होता.