सरसाचा वास

नाकाला पदर लावून शालूबाईनं परसदार धाडकन लोटून घेतलं. तरी वास आलाच. परसात तीन विटांवर तिचा नवरा, आकाराम, सरस कढवत होता. जनावरांच्या हाडा-कातड्याचा तो चिकट रस रटरटायला लागला, की अर्ध्या शाहूपुरीला मळमळायचं. शालूबाईला तर दिवसभर घास गिळवत नसे.

"मढं शिजीवताय जनू!" ती आतूनच ओरडली.

आकाराम संस्थानच्या पागेत कारकून. विलायतेची थोरली आगबोट बुडाली, माणसं होती तेवढ्या नावा तिच्यावर नव्हत्या, हे त्यानं वर्तमानपत्रात वाचलं आणि हे खूळ डोक्यात घेतलं. वीतभर लांबीच्या नावा. फळी न् फळी वेगळी, काडीएवढी वल्ही, सगळं सरसानं चिकटवलेलं. समुद्र कधी डोळ्यांनी बघितलेला नाही या बाबानं! आणि कुणी कौतुकानं होडी म्हटलं, की फणकारायचा, "होडी न्हवं, लाइफबोट म्हना."

आज मात्र वासाचं नुसतं निमित्त होतं. आजऱ्याहून पिराजीराव येणार होते, आपली मुलगी आकारामला द्यायचं बोलायला. शालूबाईची कूस उजवली नव्हती आणि सासूनं, धोंडुबाईनं, दुसरेपणाचा हट्टच धरला होता. आकाराम हो म्हणाला नव्हता, नाहीही म्हणाला नव्हता. सरस कढवत बसला होता. सरसापेक्षा त्या गप्प बसण्याचीच तिला जास्त शिसारी आली.

पावणे आले. गूळपाणी शालूबाईलाच न्यावं लागलं. सवत आणणाऱ्याला आपल्या हातानं गूळ! तांब्या ठेवून ती दाराआड झाली. तिचं तोंड कडू झालं होतं.

परसातनं आकाराम हात पुसत येऊन बसला. इकडचं तिकडचं झालं. मग पिराजीरावांची नजर कोपऱ्यात गेली. तिथं आकारामनं नवी नाव टांगली होती, आगबोटीवर टांगतात म्हणे तशी, दोन्ही टोकांना दोर बांधून. पिराजीरावांनी सहज बोट लावलं. ती झुलायला लागली.

"पाळणा व्हय ह्यो? नवसाचा?" त्यांचा आवाज एकदम बदलला. "म्हंजे घरात दिवस गेल्यात की काय?"

शालूबाईनं डोळे मिटले. आता तो फणकारणार, लाइफबोट म्हणून सांगणार, आणि मग सुपारी फुटणार.

"व्हय," आकाराम म्हणाला. "पाळणाच हाय."

"मग आमाला कशापायी बोलीवलंसा?" पिराजीराव ताडकन उठले. "पोरगी काय जड झालीया मला?"

पायताण पायात सरकवून ते गेलेसुद्धा. गूळ तसाच राहिला.

"मुडद्या!" धोंडुबाईनं कपाळ बडवून घेतलं. "नऊ म्हैन्यांनी लोकांस्नी काय दावू मी?"

"हीच दाव की," नावेचे दोर सारखे करत तो म्हणाला.

शालूबाई परसात गेली. विटांमधला विस्तव विझत आला होता आणि सरसावर साय धरायला लागली होती. तिनं फुंकणी उचलली. पण नाकावरचा पदर सोडल्याशिवाय फुंकता येईना. तिनं तो सोडला आणि फुंकलं.

"शी! काय घान वास मेला," ती म्हणाली, आणि पुन्हा फुंकलं.