पाठकोरे कागद

वकीलबाईंनी स्कॅनर निवडायचं काम काकांवर, म्हणजे हेडक्लार्कवर सोपवलं, तेव्हा टायपिस्टला वाटलं, आता वर्षभर काही स्कॅनर येत नाही. साधा स्टेपलर घ्यायचा तरी हा माणूस तीन दुकानं पालथी घालतो. पण काकांनी दुसऱ्याच दिवशी निकाल दिला. "एका बाजूचाच घेऊ. आपले कागद सगळे पाठकोरे."

ते खोटं होतं. एकवीस वर्षं काका अशिलांच्या कागदांमागे शिसपेन्सिलीनं बारीक शेरे मारत आले होते. 'डोळ्यांत पाणी, नजर घड्याळाकडे.' 'याला घर नकोय, भावानं माफी मागायला हवीय.' दोन्ही बाजू टिपणारं यंत्र आलं की हे सगळं पडद्यावर, तिथून अशिलांच्या मेलवर, आणि काका घरी.

बुधवारी विक्रेता दोन यंत्रं घेऊन आला.

"काका, हा बघा, दोन्ही बाजू एकदम. कोरं पान आपणहून वगळतो."

"पेन्सिलीचं फिकट असलं तर? कोरं समजतो ना?"

"छे! पानावर केस पडला तरी सोडत नाही."

काकांनी रुमाल काढला, घडी मोडली, पुन्हा घातली. खिडकी उघडली, लावली.

"काका," टायपिस्ट म्हणाली, "परीक्षा यंत्राची आहे की तुमची?"

तेवढ्यात बाई केबिनमधून एक फाइल घेऊन आल्या आणि त्यांनी सरळ कागद यंत्रात सरकवले.

"बाई, तो नको, जुना कागद आहे, फाटेल—"

यंत्रानं तोवर गठ्ठा गिळला होता. पडद्यावर काकांचं अक्षर उमटलं : 'सासूबाई आजारी नाहीत.' टायपिस्ट फिसकन हसली. काकांनी बसायला खुर्ची ओढली आणि तिची पाठ धरून उभेच राहिले.

"छान आलंय की," बाई म्हणाल्या. "पुढची बाजू अशिलांना पाठवू, मागची मला. अहो, उलटतपासणीला मी कशाच्या जोरावर उभी राहते, वाटतं तुम्हाला? दोन्ही बाजूंचाच घ्या."

काकांचा जीव भांड्यात पडला. तिथं तो जेमतेम दोन मिनिटं राहिला. मग त्यांना आठवलं. बारा वर्षांपूर्वी, बाई इथं रुजू झाल्या त्या आठवड्यात, असाच एक कागद उलटा करून काकांनी लिहिलं होतं : 'नवी वकीलबाई. हुशार, पण कुणाचं ऐकत नाही. सहा महिने टिकली तरी पुष्कळ.' शब्द न् शब्द आठवत होता. फाइल मात्र आठवत नव्हती.

"उद्या सकाळीच बसवून देतो," विक्रेता म्हणाला.

"एवढी काय घाई आहे?" काका म्हणाले. त्यांनी टायपिस्टच्या टेबलावरचं खोडरबर उचललं आणि पहिल्या कपाटाची किल्ली शोधू लागले. कपाटं अकरा होती.