दिवा वाढव

"खारट झाला रे झिला! मीठ जास्ती पडला!"

जानकीबाईंनी बादलीत बुडवलेलं बोट जिभेला लावलं आणि सुनेची आमटी बिघडल्यावर करायच्या तसं तोंड केलं.

"आये, चाखतेस काय? माशांचं पाणी आहे ते," जयवंतने बादली जवळ ओढली. "आणि समुद्राचं पाणी खारटच असतं."

"वेंगुर्ल्याचो समुद्र तू माका शिकवतंस? इतको खारट नाय तो."

जयवंतने हातातल्या दुर्बिणीसारख्या नळीच्या काचेवर पाण्याचा एक थेंब टाकला आणि डोळा लावून खिडकीकडे पाहिलं. मीठ अगदी हवं तेवढंच होतं. बीपीमुळे म्हातारीचं जेवण कित्येक वर्षं अळणी होतं, तिला आता लिंबू सरबतही खारट लागायचं. पण हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता. वेंगुर्ला सोडून जन्म लोटला तरी समुद्राची मालकी तिने सोडली नव्हती.

"माझी कपड्यांची बादली कधी मिळेल?" आतून पार्वतीचा आवाज आला. "की आता कपडेपण खाऱ्या पाण्यात धुवायचे?"

पार्वतीचा धीर संपत आला होता आणि त्यात तिची काही चूक नव्हती. ही तिसरी टाकी. पहिल्या खेपेला जयवंत मनोरीला गेला आणि कॅन भरून खरंखुरं समुद्राचं पाणी फेरीबोटीतून घेऊन आला. ते गाळाचं पाणी असं काही नासलं, की खालच्या मजल्यावरचे परेशभाई नाकाला रुमाल लावून वर आले, घरात सगळे ठीक आहेत ना म्हणून चौकशी करायला. दुसरी टाकी ऐन मे महिन्यात, घरची मंडळी गावी गेलेली असताना, पंप बंद पडून उकडून निघाली. तिसऱ्या टाकीला पार्वतीने होकार दिला तो अट घालूनच. दिवाळीपर्यंत ह्या काचेत बघण्यासारखं काही जिवंत दिसलं नाही, तर काच भंगारात जाईल आणि खिडकीजवळच्या त्या कोपऱ्यात तिची शिलाई मशीन येईल.

जयवंतने अट मुकाट्याने मान्य केली. टाकी का हवी, हे त्याने कधी सांगितलं नाही आणि पार्वतीने विचारलं नाही. तिला ते ठाऊक होतं. सगळं आयुष्य जयवंतने नाट्यगृहात लाइटमन म्हणून काढलं होतं. प्रेक्षकांच्या पाठीमागच्या काळोख्या केबिनमध्ये बसून डिमरचे दांडे वर-खाली करायचे, हे त्याचं काम. त्याच्या बोटांनी किती पहाटा उगवल्या आणि किती नायिकांचे चेहरे उजळले, त्याला गणती नव्हती. मग नवा मॅनेजर आला, लॅपटॉप आला आणि एका दुपारी चहा पाजून मॅनेजर म्हणाला, "काका, आता तुम्ही आराम करा." बोलला प्रेमानेच, पण ते जयवंतच्या काळजात रुतून बसलं. तेव्हापासून तो घरातली ट्यूबसुद्धा स्वतः लावत नसे. म्हणून मुलीने, ऋतिकाने, मोबाइलवर निळ्या उजेडात उमललेली समुद्रातली बाग त्याला दाखवली, तेव्हा त्याच्या डोळ्यांत जे आलं ते पार्वतीने पाहिलं. त्याला एकदा, फक्त एकदा, आपल्या हाताने काहीतरी उजळून दाखवायचं होतं.

ह्या वेळी त्याने घाई केली नाही. विकतचं समुद्री मीठ गाळलेल्या पाण्यात कालवलं. वाळू अंथरली, सच्छिद्र दगडांची छोटी कपार रचली, लाटा करणारा पंप बसवला आणि नुसते दगड आणि पाणी बघत आठवड्यामागून आठवडे घालवले. पाणी पिकावं लागतं म्हणे. आधी काचेवर तपकिरी बुरा आला, मग हिरवा, मग पाणी असं निवळलं, की परेशभाईंनी टाकी रिकामी समजून तिच्यावर कोपर टेकवलं आणि जयवंतने त्यांना हाताला धरून बाजूला केलं.

मग तो मुलुंडला निमेशच्या दुकानात गेला. निमेश अंगाने गोल आणि बोलायला गोड. त्याने बटणांएवढ्या प्रवाळांचा एक छोटा पुंजका प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिला.

"काका, हे फार्मवर वाढवलेले आहेत, समुद्रातून तोडलेले नाय. बिल ठेवा जपून. उघडले ना, एकदम झकास! हिरवी झालर, मध्ये केशरी. फक्त एक ध्यानात ठेवा, लाइट एकदम नाय द्यायचा हां. धीरे धीरे."

जयवंत हसला. "अरे, सगळं आयुष्य लाइटमध्ये गेलं माझं. तू मला लाइट शिकवतो?"

इथेच त्याचं चुकलं. घरी येऊन त्याने पुंजका दगडावर बसवला, वर निळा-पांढरा दिवा टांगला. दिव्याला डिमरसारखं फिरवायचं बटण होतं. कित्येक महिन्यांनी बोटांखाली असं काही आल्यावर माणसाला राहवेल कसं? त्याने भरपूर उजेड दिला. प्रवाळांची बटणं मुठी आवळल्यासारखी मिटून बसली. पुरेसं दिसत नसेल त्यांना, असं समजून त्याने आणखी उजेड दिला. नट रंगात येत नसेल तर त्याच्यावरचा उजेड वाढवायचा, ही त्याची जुनी सवय. बटणं आणखी आवळली आणि त्यांचा हिरवा रंग विरत चालला. दिवाळीची साफसफाई सुरू झाली तशी पार्वतीने एक दिवस टेपने खिडकीजवळच्या कोपऱ्याची लांबी घेतली. तिने आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवला, आणि जयवंतला ते लागलं.

शेवटी तो तावातावाने मुलुंडला निघाला. मेलेला माल दिलास, असं निमेशला तोंडावर सांगायचं होतं. दोन बस बदलून तो पोचला, तर निमेश गिऱ्हाईकात गुंतलेला. आणि समोरच्या टाकीत अगदी तसलीच बटणं, भर दुपारच्या उन्हासारख्या लख्ख उजेडात, टिचभर रांगोळ्या घातल्यासारखी उमललेली! जयवंतच्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे आपणच हात आखडता घेतला होता! निमेशची वाट बघायचाही त्याला धीर निघेना. त्याने तिथूनच घरी फोन लावला. ऋतिका कॉलेजात, पार्वती ब्लाउज पोचवायला गेलेली. फोन म्हातारीने घेतला.

लाइट, बटण, डिमर असलं काही तिला कळायचं नाही, म्हणून त्याने तिच्या भाषेत सांगितलं. "आये, टाकीचो दिवो वाढव."

"दिवो वाढवू? आता? तिन्हीसांज होईत इली रे."

"हो, आत्ताच. पूर्ण वाढव."

"बघ हां. मगे माका बोलशीत."

"नाय बोलणार. तू वाढव."

फोन ठेवतोय तोच निमेश मोकळा झाला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "लाइट किती देता, काका?"

"आता पूर्ण करायला सांगितला."

निमेशने कपाळावर हात मारला. "अरे काका! हे माझे वाले इथे केव्हापासून आहेत, त्यांना सवय झालीये. तुमचे नवीन आहेत! ते मिटतात कशाला? लाइट सहन नाय होत म्हणून! जळतील सगळे. वाट लागली ना यार!"

त्याने पुन्हा फोन लावला. घंटा वाजत राहिली. जानकीबाईंचा शिरस्ता असा, की एकदा बोलणं झालं की पुन्हा फोन उचलायचा नाही. आत्ताच तर बोललो, आता आणखी काय असतं? पार्वतीचा फोन नेहमीप्रमाणे मशीनजवळच पडला असणार. ऋतिकाचा बंद. परतीच्या वाटेवर बस पवईला जी अडकली ती हलेचना. खिडकीतून दुकानांचे लखलखते दिवे दिसत होते आणि त्यातला प्रत्येक दिवा जयवंतला आपल्या टाकीवरच रोखल्यासारखा वाटत होता. मिटलेल्या जिवांवर आपण उजेड मारत राहिलो. त्यांना तोंड लपवायला दुसरी जागाही नव्हती. त्याला स्वतःची शरम वाटली. त्याचे गुरू शिवदासमामा, ज्यांनी त्याला पहिल्यांदा डिमरला हात लावू दिला, ते म्हणायचे, "उजेड आला हे प्रेक्षकाला कळलं, तर आपलं चुकलं." इतकी वर्षं जे पाळलं तेच आपण घरी येऊन विसरलो. मॅनेजरला दाखवून देण्याच्या नादात आपण बिचाऱ्या बटणांना छळलं.

जिने चढून तो धापा टाकत घरात शिरला. टाकी काळोखात होती. फ्यूज उडाला असं त्याला आधी वाटलं. मग दिसलं, की टाकीसमोर खुर्ची ओढून जानकीबाई बसल्या आहेत आणि देवासमोर एकाऐवजी दोन निरांजनं जळताहेत.

"आये, दिवा कोणी बंद केला?"

"बंद नको म्हणू मेल्या! मी वाढवलंय. तूच सांगलंस ना, पूर्ण वाढव म्हणान? तिन्हीसांजेक दिवो वाढवूक सांगता, माका बरा नाय वाटला. म्हणान देवाकडे एक जास्तीचो लावलंय."

पार्वती नुकतीच घरी आली होती. जयवंतच्या आधी तिच्या लक्षात आलं आणि ती भिंतीला टेकून पोट धरून हसायला लागली. "अहो, नारळ वाढवतात! बांगडी वाढवतात! आपल्या घरात दिवा कोणी कधी विझवलाय का? आई वाढवतातच ना दिवा!"

लहानपणी झोपताना रोज ऐकलेला शब्द. "दिवो वाढव रे झिला," म्हटलं की कंदील विझवायचा. आणि नाट्यगृहात "वाढव" म्हटलं की दांडा वर ढकलायचा. दोन्ही शब्द त्याचेच होते आणि त्यांची गाठ आयुष्यात कधी पडली नव्हती. जयवंतला हसू येत होतं आणि डोळेही भरत होते.

"पप्पा, इकडे या," आत्ताच आलेली ऋतिका काचेला नाक लावून उभी होती. "हळू या. हे बघा ना!"

स्वयंपाकघरातल्या ट्यूबचा उजेड दारातून तिरपा येऊन टाकीच्या एका कडेवर पडला होता. त्या एवढ्याशा उजेडात दगडावरच्या एका बटणाने मूठ सोडली होती. भोवती बारीक झालर, फिकटलेली पण जिवंत, पाण्याबरोबर हलत होती. मग शेजारचं दुसरंही दिसलं. जयवंत गुडघ्यांवर बसला आणि ट्यूब बंद करायला निघालेल्या पार्वतीला त्याने हातानेच थांबवलं.

त्यानंतर त्याने जे केलं ते खरं लाइटमनचं काम. दिव्याचं बटण अगदी पहिल्या रेघेवर आणलं, दिव्याखाली पार्वतीच्या अस्तराचं पातळ कापड ताणलं आणि इतक्या हळूहळू उजेड वाढवत नेला, की घरातल्या घरात राहून ऋतिकालाही तो वाढलेला कळला नाही. बटणांना कळला असेल, पण त्यांनी तक्रार केली नाही. हिरवा परत आला, मग मधला केशरी. निमेश स्वतः येऊन केशरी पट्ट्यांच्या माशांची एक जोडी देऊन गेला. "हे खावचे नाय मां?" एवढं जानकीबाईंनी विचारून घेतलं. पार्वतीने टेप ड्रॉवरमध्ये टाकली आणि मशीन बेडरूममध्येच बरी, असं स्वतःहून जाहीर केलं.

दिवाळीच्या पाडव्याला संध्याकाळी जयवंतने शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावलं. छोट्याशा खोलीत सतरंजीवर मंडळी दाटीवाटीने बसली. परेशभाई पुढे, निमेश खास मुलुंडहून आलेला, जानकीबाई खुर्चीवर. घरातले सगळे दिवे मालवले. ऋतिकाने देवघरातली घंटा घेतली आणि तिसरी घंटा दिली. जयवंत टाकीच्या बाजूला उभा होता, बोटं दिव्याच्या बटणावर. मंडळीसमोर उभं राहायची त्याला सवय नव्हती.

काळोखात म्हातारीचा आवाज आला. "झिला, दिवो वाढव."

सगळे हसले. जयवंतने हसतच विचारलं, "खंयचो, आये? तुझो की माझो?"

"आधी तुझो वाढव," ती म्हणाली. "माझो मागसून."

हसणं विरलं. पार्वतीने अंदाजाने हात पुढे करून सासूचा हात धरला. जयवंतने बटण फिरवायला सुरुवात केली.

आधी काहीच दिसलं नाही. मग कधीतरी निळं आलं, कधी ते सांगता येणार नाही. दगडाची कड दिसली, वाळू दिसली. मग काळोखात एक हिरवा ठिपका स्वतःच्या अंगातूनच पेटल्यासारखा उजळला, त्याच्या बाजूला दुसरा, मग पुंजक्यातले सगळेच. बटणं एकेक करून उमलत गेली. परेशभाईंनी खोकला दाबून धरला होता. केशरी जोडी कपारीतून बाहेर आली, झालरींवरून फिरली आणि पांढरा उजेड असा अलगद आला, की खोलीतल्या सगळ्यांना वाटलं, तो पहिल्यापासून तिथेच होता. जानकीबाईंच्या चष्म्याच्या काचांत दोन इवले समुद्र हलत होते.

आणि मग टाळ्या पडल्या. निमेशने शिट्टी मारली, ऋतिका तर उभीच राहिली.

जन्मभर टाळ्या ऐकल्या होत्या त्या लोकांच्या पाठींमागून, दुसऱ्यांसाठी वाजलेल्या. जयवंतने सवयीने वळून मागे पाहिलं, कोण आलंय ते. मागे भिंत होती आणि भिंतीवर पाण्याचा निळा उजेड हलत होता.