भट्टीला बाबांचं नाव

बाबांचा तेरावा खरं तर बुधवारी येत होता. पण जर्मनीत, कायझर्सलाउटर्नमध्ये बुधवारी कोण येणार, म्हणून आईने तो रविवारी ठेवला. मंडळी जेवून पांगल्यावर यशोधन धापा टाकत आला. बाबांचा हा शेवटचा विद्यार्थी, आता त्यांच्याच संस्थेत संशोधक.

“देवश्रीताई, संस्थेत काच वितळवायची नवी भट्टी येतेय. तिला सरांचं नाव द्यायचं ठरतंय. तुमचा होकार हवाय फक्त.”

मोडलेल्या हाडाशी जुळून येणारी काच घडवण्यात बाबांचा जन्म गेला, पण स्वतःचं नाव त्यांनी कुठे पुढे केलं नाही. आता भट्टीच्या दारावर ‘चारुदत्त’ अशी अक्षरं दिसणार होती. देवश्रीला ती हवी होती.

“पैसे कोण देतंय?” आईने आतून विचारलं.

यशोधन चुळबुळला. “एक कंपनी आहे, काकू. क्षेपणास्त्रांना लागणारी काच बनवते. आल्झो... म्हणजे, हल्ली सगळीकडे तेच चाललंय. युद्ध दाराशी आलंय ना.”

आई हात पुसत बाहेर आली.

“एकाहत्तरच्या लढाईत पुण्याच्या प्रयोगशाळेत यांना काचेचा सुरुंग करायला सांगितला होता. शोधूनही सापडू नये असा. हे म्हणाले, माणूस मारायचं काम सोडून काहीही सांगा. दुसऱ्या दिवशी यांच्या टेबलावर कुणीतरी हिरव्या बांगड्या ठेवल्या.”

देवश्रीने हे कधी ऐकलं नव्हतं. “मग?”

“मग काय, घरी घेऊन आले. उजेडात धरून म्हणाले, ‘काचेत बुडबुडे फार आहेत, पण तुझ्या मापाच्या आहेत.’ मी नवी नवरी. मला वाटलं, हौसेने आणल्या! लगेच भरल्या.” आई हसली. “रोज संध्याकाळी इस्पितळात जायचे, भाजलेल्या जवानांच्या पट्ट्या बदलायला. बढती गेली, शेजारी बोलेनासे झाले. पण ज्यांनी तो सुरुंग केला, त्यांना हे कधी उणा शब्द बोलले नाहीत.”

“पण ताई, भट्टी तर येणारच,” यशोधन हळूच म्हणाला. “मलाही तिच्यावरच काम करायचंय. निदान सरांची आठवण राहील.”

“तू कर काम,” देवश्री म्हणाली. “बाबांनी तुला अडवलं नसतं. पण त्यांचं नाव नको.”

“मग डायरेक्टरना काय सांगू?”

“मीच सांगते. आत्ता.”

“रविवारी? जर्मन माणसाला?”

“उद्या मला धीर होणार नाही.”

डायरेक्टरनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, इतक्या मोठ्या माणसाची आठवण मग कशी राहणार? देवश्रीने जर्मनमध्ये सांगितलं, ठाऊक नाही. पण अशी नको.

फोन ठेवून ती खिडकीपाशी उभी राहिली.

“आई, आता त्यांचं नाव कुठेच लागणार नाही.”

“नाही लागणार,” आई म्हणाली आणि यशोधनचं पान वाढायला वळली.