काटा ऐकतोय, ओव्हर

"माजी क्रोशाची प्लास्टिकची सुई कुठंय?" सायराबानूनं विचारलं, तेव्हा सिकंदरभाई तिचंच टोक कानशीनं घासत बसले होते.

"आता ती सुई न्हाय, औजार हाय. सेटमधली कॉइल फिरवायला लोखंड चालत न्हाय."

साखर कारखान्यानं भंगारात काढलेले, जीपमध्ये बसवायचे दोन वायरलेस सेट त्यांनी भिगवणच्या घरी आणले होते. कारखान्याचा सेट आपल्या ठरावीक पट्ट्यातच बोलतो. हौसेनं वायरलेसवर बोलणाऱ्या परवानेवाल्यांचा पट्टा त्याच्या खाली. तसा परवाना सिकंदरभाईंकडे होता, कारखान्यातला त्यांचा जुना जोडीदार गेणबा याच्याकडेही होता. दोघांनी नोकरीत असतानाच, साठीला टेकताना एकमेकांना शिव्या घालत अभ्यास करून मिळवलेला. सेट मात्र दावं न सोडणाऱ्या म्हशीसारखा अडून बसला होता.

हा सगळा खटाटोप गेणबासाठी. तीस वर्षं सिकंदरभाई कारखान्याच्या वायरलेस खोलीत आणि गेणबा वजनकाट्यावर, दिवसभर एकमेकांच्या कानात. मग निवृत्तीच्या सत्काराला सिकंदरभाईंची जीभ सुटली. गेणबा एकदा सेटचं बटण दाबूनच झोपला आणि सगळ्या ऊसतोडीनं पाऊण तास त्याचं घोरणं ऐकलं, हे त्यांनी भर मांडवात माईकवरून सांगितलं. लोक हसून लोळले. गेणबा शाल-नारळ तिथंच ठेवून आपल्या गावी, निरवांगीला निघून गेला.

त्याला दोन वर्षं झाली. गेणबा फोन उचलत नव्हता. सिकंदरभाई दोनदा त्याच्या घरी गेले, तर गडी मागच्या दारानं उसात. त्यांना घास गोड लागेना.

"फोन उचलंना, तो ह्याच्यावर काय बोलणार?" सायराबानू म्हणाली.

"फोन वाजू देता येतो, सायरा. सेटवर पुकारलं की जबाब द्यावाच लागतो. तीस वर्सांची सवय हाय."

चौथ्या दिवशी सेट खालच्या पट्ट्यात उतरला. दुसराही उतरवून त्यांनी तो गेणबाच्या बायकोकडे, सिंधुबाईकडे पोचवला. नवऱ्याच्या फुगलेल्या तोंडाला तीही कंटाळली होती. तिनं छपरावर अँटेना बसवून घेतली आणि सेट त्याच्या खाटेशेजारी चालू करून ठेवला.

दुपारी सिकंदरभाईंनी माईक उचलला. परवान्याचा नंबर पुकारून ते म्हणाले, "काटा, ऐकतोयस का? ओव्हर."

खरखर झाली. मग झोपेतून दचकलेला आवाज आला, "काटा ऐकतोय, बोला! ओव्हर."

आपण रुसलोय हे गेणबाला आत्ता आठवलं असावं.

"मी तुज्याशी बोलत न्हाय. ओव्हर."

"समजलं. चुकलं माजं, गेणबा. मांडवात तसं बोलायला नको हुतं. ओव्हर."

"ह्ये सांगायला दोन वर्सं लागली व्हय? ओव्हर."

"तू फोन कुठं उचलतोस? ओव्हर."

सिकंदरभाईंना रडू आलं. तिकडं गेणबा सुटलाच होता. गुडघा, सून, कुणीतरी पळवलेला पाइप. बोलता बोलता शब्द लांबले, तुटले, आणि 'ओव्हर' काही आलंच नाही. बटण दाबलेलंच होतं. सेटमधून संथ, दमदार घोरणं येऊ लागलं.

सायराबानू चहा घेऊन आली. "कसला आवाज हो?"

सिकंदरभाईंनी आवाज थोडा बारीक केला.

"काय न्हाय. सेटची खरखर हाय," ते म्हणाले, आणि चहा पीत ऐकत बसले.