ओल्या दोरीचं माप

खरं सांगतो, मी मदतीला वगैरे गेलोच नव्हतो. मला ते यंत्र बघायचं होतं. आयटीआयमध्ये तेहतीस वर्षं मी टर्नरच्या पोरांना लेथ शिकवला. त्यामुळं शेजारचा टेंपोवाला रूपेश जेव्हा म्हणाला, की एक बाई टेंपोत मावेल एवढा कारखाना घेऊन आलीय, तो कोंडाण्याच्या शाळेत मांडायचाय आणि लागेल ती वस्तू तिथल्या तिथं बनवतात, तेव्हा मी त्याला थापा मारू नकोस म्हटलं आणि पायात चपला घातल्या.

चार दिवस नुसतं झोडपलं होतं पावसानं. उंबरमाळची वाट दरडीखाली गेली होती. उंबरमाळ म्हणजे वर डोंगरात चाळीस घरांची वाडी. माणूस कुणी गेलं नाही, पण झऱ्याचं पाणी वाडीत आणणारा काळा पाइप मधोमध तुटला. लोक ओढ्याचं गढूळ पाणी पीत होते आणि पोरांना जुलाब लागले होते.

शाळेच्या व्हरांड्यात जनरेटर धडधडत होता. तेजश्री नावाची तिशीतली इंजिनियर, केस वर बांधलेले, यंत्रासमोर उकिडवी बसलेली. यंत्र एवढंसं, देव्हाऱ्याएवढं. सोऱ्यातून शेव पडावी तशी त्यातून वितळलेल्या प्लास्टिकची बारीक तार पडत होती, थरावर थर. मी बघतच राहिलो. आम्ही आयुष्यभर धातू कापून कापून वस्तू काढली, आणि हे बेटं काहीच न कापता वस्तू करत होतं! खाली कीससुद्धा पडत नव्हता. मी तिला इतके प्रश्न विचारले की शेवटी तिनं मला स्टूल दिलं.

तेवढ्यात वाडीतून जैतू आला, दीड तास चिखल तुडवत. पाइप दोन वेगवेगळ्या योजनांतले, वरचा जाड, खालचा बारीक. आजवर यानंच ट्यूब आणि तार गुंडाळून सांधा टिकवला होता. त्या दोन मापांना जोडणारा तुकडा कर्जतच्या दुकानांत नव्हता. म्हणजे तो बनवायचा. तेजश्रीनं माप विचारलं. जैतूनं कमरेच्या अंबाडीच्या दोन दोऱ्या सोडल्या. पाइपाला एक वेढा घेऊन जिथं तो पुरा झाला तिथं गाठ मारलेली.

दोऱ्यांतून पाणी गळत होतं. अशी गचगचीत दोरी मोजतात का कुठं? मी त्या जनरेटरच्या गरम पत्र्यावर वाळत टाकल्या. जैतू काहीतरी म्हणायला लागला होता, पण मी तेजश्रीला परिघावरून व्यास कसा काढायचा ते समजावत होतो. अशा वेळी मधे बोललेलं मला आवडत नाही. मग मी कोरड्या दोऱ्या स्वतः मोजल्या, आकडे सांगितले, आणि साडेतीन तासांत तुकडा तयार झाला. गुळगुळीत, देखणा. जैतू तो छातीशी धरून वर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चार गडी झोळी घेऊन उतरले. पुढं जैतू होता. झोळीत त्याची पोर बुधी, सहा वर्षांची, डोळे खोल गेलेले, हाक मारली तरी ओ देत नव्हती. तुकडा बसला नव्हता. सैल झाला होता, पाणी सोडलं की निसटायचा. रात्रभर ओढ्याचंच पाणी चाललं होतं.

मी काय म्हणालो असेन? म्हणालो, तुझंच माप चुकलं असणार. जैतूनं बुधीला झोळीतून उचललं. रूपेशनं बुधीला आणि तिच्या आईला, सुंदराला, टेंपोत घालून कर्जतला सरकारी दवाखान्यात नेलं.

ते गेले आणि मला चैन पडेना. दोऱ्या तिथंच पडल्या होत्या. एक उचलली, नळाखाली धरली, पुन्हा मोजली. आखडली होती. ओली दोरी आखडते, सुकली की सैल पडते, हे गाठोडं बांधणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. जैतूनं पावसात मोजलं होतं, मी वाळवून वाढीव माप घेतलं. चूक माझी होती. लाज वाटली, फार लाज वाटली. तेजश्रीला सांगितलं. ती म्हणाली, की आता माप खाली आणायचं नाही, यंत्रच वर न्यायचं.

बुधीची झोळी रिकामीच होती. तीत यंत्र बसलं, वर प्लास्टिकचा कागद. दोघांनी जनरेटर बांबूला टांगला. जैतू दवाखान्यात जाईल असं मला वाटलं होतं. पण त्यानं झोळीचा बांबू खांद्यावर घेतला, कारण वर आणखी अकरा पोरं आजारी होती. चढावर मी धापा टाकत त्याला सगळं सांगून टाकलं.

"म्हाईत हाय," तो म्हणाला. "मी तवाच सांगनार होतो, दोऱ्या सुकवू नका. पन तुमी मास्तर. मास्तरला कसं सांगायचं?"

उंबरमाळपर्यंतची उरलेली चढण मी खाली मान घालून चढलो.

वर मी खिशातला कॅलिपर, व्यास मोजायचा चिमटा, काढला, पाइपाला लावला आणि थांबलो. जैतूला म्हटलं, आधी तू सांग. तो जरा घुटमळला. मग म्हणाला, पाइप दगडाखाली चेपलाय, गोल राहिला नाय, टोक कापून मागं मोजा. मी कापलं, मागं मोजलं. तेजश्रीनं आकडे भरले. सगळी वाडी यंत्राभोवती बसली. चिंधी नावाच्या म्हातारीनं विचारलं, की हे भाताचं रोप करून देईल का. तेजश्री नाही म्हणाली, तर म्हातारी म्हणाली, मग काय उपेग.

तुकडा बसला. पाणी सोडलं. टाकीत आधी हवा खोकली, मग गढूळ आलं, मग स्वच्छ. बायका हंडे घेऊन धावल्या. जैतूनं एक बाटली भरली, झाकण लावलं आणि उतरायला लागला. मीही त्याच्यामागं निघालो.

दवाखान्यात पोचलो तेव्हा दिवस मावळायचा होता. बुधीच्या हाताला सलाईन होती आणि ती बिस्किट मागत होती. जैतू फरशीवर बसला आणि ओक्साबोक्शी रडला. सिस्टरनं बाटलीतलं पाणी उकळून गार केलं, त्यात मीठ-साखरेची पुडी कालवली आणि बाटली परत आणून दिली. जैतूनं ती घेतली आणि माझ्यापुढं धरली.

"तुमी पाजा, मास्तर."

मला काही ते झाकण उघडेना. शेवटी बुधीनंच उघडलं.